पक्ष्यांचे सोबती : सलीम अली

पावसाळ्यात करमाडच्या शिवारात गेलात, तर एक गंमत पाहा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना लांब नळीची घरटी लोंबताना दिसतात. वाऱ्याने ती हलतात, पण तुटत नाहीत. ही घरटी सुगरण पक्ष्याची. उर्दूत आपण या पक्ष्याला बया म्हणतो. तुमच्यापैकी काहींनी असे रिकामे घरटे घरी आणून खुंटीला टांगलेही असेल. पण हे घरटे कोण विणते, कसे विणते आणि त्यात पुढे काय होते, हे तासन् तास बसून कोणी पाहिले आहे का?

एका माणसाने ते पाहिले. त्यांच्याजवळ त्या वेळी नोकरी नव्हती. प्राणिशास्त्राची पदवीही नव्हती. होते ते दोन डोळे, एक वही आणि खूप धीर. त्यांचे नाव सलीम अली. विज्ञानाच्या पुस्तकात आपण सजीवांची लक्षणे पाठ करतो. सजीव म्हणजे जानदार आणि निर्जीव म्हणजे बेजान. ही लक्षणे पाठ कशी करावीत यापेक्षा ती पाहावीत कशी, हे सलीम अलींच्या जीवनावरून कळते.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे, नववे अपत्य. ते एक वर्षाचे असताना वडील मोइजुद्दीन यांचे निधन झाले. तीन वर्षांचे असताना आई झीनतुन्निसा यांचाही आधार गेला. या पोरक्या मुलांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या घरी नेले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. मुंबईच्या खेतवाडी भागातील त्यांच्या घरात या भावंडांना माया मिळाली.

मामांना शिकारीची आवड होती. त्यांनी लहानग्या सलीमला छऱ्याची एक छोटी बंदूक दिली. मग काय, सलीम दिवसभर चिमण्यांच्या मागे! त्या काळी शिकार हा मोठ्या घरांतील शौक समजला जाई. पक्षी मारण्यात काही वावगे आहे, असे त्या मुलाला वाटत नव्हते.

पण त्याच्या अंगी एक वेगळी सवय होती. तो जे पाही, ते लिहून ठेवी. भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर पहारा देई. सलीमने त्या नराला मारले. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच जागी बसला. सलीमने त्यालाही मारले, तर तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले, तरी मादीला प्रत्येक वेळी नवा जोडीदार मिळत गेला. दहा वर्षांच्या मुलाने ही नोंद वहीत केली. ते खेळणे निर्दय होते, यात शंका नाही. पण त्या नोंदीत एक मोठी गोष्ट दडलेली होती. एक चिमणा मेला म्हणून घरटे ओस पडले नाही. पिल्ले वाढवण्याची, आपल्यासारखे जीव मागे ठेवण्याची ओढ सजीवांत किती बलवान असते, ते त्या मुलाने नकळत पाहिले होते. या ओढीला विज्ञानात नाव आहे. प्रजनन हे सजीवांचे एक मुख्य लक्षण आहे.

याच सुमारास एक लहानशी घटना घडली. तिने सलीमच्या आयुष्याला वळण दिले. एकदा त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीची चिमणी अशी नसते. असा अनोळखी पक्षी खावा की खाऊ नये, अशी शंका त्याच्या मनात आली. तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही तो ओळखता आला नाही. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. मामांनी संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन सलीमला तिकडे पाठवले.

एवढ्या मोठ्या इमारतीत, एका इंग्रज साहेबासमोर एकटे जायचे, म्हणून मुलगा घाबरला होता. पण मिलार्ड साहेब प्रेमळ निघाले. त्यांनी पक्षी पाहताच ओळखला. ती पिवळ्या गळ्याची चिमणी होती. मग त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. त्यांत भुसा भरलेले कितीतरी पक्षी ओळीने मांडले होते. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी होती. आपल्या देशात चिमण्यांच्याच किती जाती आहेत, हे पाहून सलीम थक्क झाला. साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याचे कातडे कसे टिकवावे, हेही त्याला तेथे शिकायला मिळाले.

येथे थोडे थांबून विचार करू. खणातल्या चिमणीला चोच होती, पंख होते, पिसे होती. आकार आणि रंग सगळे जसेच्या तसे होते. मग झाडावरच्या चिमणीत आणि तिच्यात फरक कोणता? खणातली चिमणी दाणे खात नव्हती, श्वास घेत नव्हती, वाढत नव्हती. टाळी वाजवली तर उडून जात नव्हती. ती अंडीही घालणार नव्हती. म्हणजे नुसता देह हा जीव नव्हे. देहात सतत जी कामे चालू असतात, त्यांवरून सजीव ओळखायचा. पक्ष्याची जात ठरवण्यासाठी खणातले नमुने फार उपयोगी पडतात. पण पक्षी जगतो कसा, हे जाणून घ्यायचे तर जिवंत पक्ष्याकडेच गेले पाहिजे. ही गोष्ट सलीमला हळूहळू उमगत गेली.

शाळेत सलीम फार हुशार समजला जात नसे. त्यातच त्याला डोकेदुखीचा जुनाट विकार जडला. हवा बदलावी म्हणून त्याला काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. शिक्षणात खंड पडला. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण गणिताने त्याला जेरीस आणले. शिक्षण अर्धवट सोडून तो ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कौटुंबिक व्यवसाय पाहण्यासाठी गेला. तेथे खाणीचे आणि लाकडाचे काम होते. व्यापारात त्याचे मन रमले नाही. भोवतालच्या जंगलातील पक्ष्यांत मात्र ते चांगलेच रमले.

१९१७ साली सलीम अली मुंबईला परतले. त्यांनी व्यापाराचे शिक्षण घेतले आणि त्याबरोबरच सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्राचे वर्गही केले. १९१८ साली त्यांचा विवाह तहमिना यांच्याशी झाला. सरकारी प्राणिविज्ञान खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. पण पदवी नसल्यामुळे ती मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना काम मिळाले. येणाऱ्या लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची, असे ते काम होते. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात त्यांनी एर्विन श्ट्रेसेमान या थोर पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली अभ्यास केला. सलीम अली त्यांना जन्मभर आपले गुरू मानत राहिले.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने परत आले. येऊन पाहतात तो काय, पैशाच्या अभावी त्यांची जागाच रद्द झाली होती! वय चौतिशीकडे झुकलेले, हातात पदवी नाही आणि आता नोकरीही नाही. दुसरा एखादा माणूस खचून गेला असता. सलीम अली आणि तहमिना मात्र अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. तेथे खर्च कमी होता. घराजवळच सुगरण पक्ष्यांनी वसाहत केली होती. रिकामे बसण्याऐवजी सलीम अली पक्ष्यांसमोर जाऊन बसले.

आडोशाला लपून ते रोज कित्येक तास घरट्यांकडे पाहत. कोणता पक्षी केव्हा आला, चोचीत काय आणले, कोठे बसला, हे सगळे वहीत उतरवत. त्यांनी जे पाहिले, ते ऐकून लोकांना नवल वाटले.

आपण सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी वापरतो. त्यामुळे घरटे मादीच विणते, असे पुष्कळांना वाटते. खरे तर घरटे नर विणतो. पावसाळा आला की त्याच्या डोक्यावर पिवळा रंग चढतो. गवताच्या, भाताच्या पातीच्या लांब चिरफळ्या काढून तो आणतो. शेकडो फेऱ्या करून तो घरटे विणू लागतो. घरटे निम्मे झाले, की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, घरटे पारखते. पसंत पडले तर तेथे राहते. मग नर उरलेले घरटे आणि खालची लांब नळी पुरी करतो. पसंत पडले नाही, तर ते घरटे तसेच अर्धवट लोंबत राहते. झाडावर अर्धी घरटी का दिसतात, याबद्दल लोक नाना तर्क करत. नर झोका घेण्यासाठी किंवा झोपण्यासाठी ती बांधतो, असेही म्हणत. त्यांतील बरीचशी नापसंत घरटी आहेत, हे सलीम अलींनी दाखवून दिले.

पुढची गोष्ट आणखी नवी होती. एक मादी आत अंडी उबवू लागली, की नर जवळच दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. अशा प्रकारे एका हंगामात एका नराची दोन-तीन बिऱ्हाडे एकापाठोपाठ होतात. अंडी उबवण्याचे काम मात्र मादीच करते. पूर्वीच्या अभ्यासकांच्या हे लक्षात आले नव्हते. सलीम अलींचा हा लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि पक्षितज्ज्ञांत त्यांचे नाव झाले. ज्या दिवसांत नोकरी नव्हती, त्याच दिवसांनी त्यांना कीर्ती दिली.

आता आपल्या विज्ञानाच्या पाठातील सजीवांची लक्षणे या घरट्यात शोधू. सुगरण पक्षी दाणे आणि किडे खातो. हे पोषण होय. हवा आत घेऊन तो अन्नातून शक्ती मिळवतो. हे श्वसन होय. त्याची विष्ठा बाहेर पडते. हे उत्सर्जन होय. तो उडतो, विणतो. ही हालचाल होय. शिकारी पक्षी दिसताच सगळा थवा भुर्रकन उडून जातो. भोवतालचा बदल ओळखून तसे वागणे, याला चेतनाक्षमता म्हणतात. मादी अंडी घालते, हे प्रजनन होय. अंड्यातून निघालेले उघडे, आंधळे पिल्लू दोन-तीन आठवड्यांत पिसांनी भरून उडू लागते, ही वाढ होय. आणि प्रत्येक सजीवाला शेवटी मृत्यू असतो.

तुम्ही म्हणाल, आपल्या करमाड स्टेशनवरून जाणारी रेल्वेगाडीही हालचाल करते. तिला चालायला ऊर्जाही लागते. मग ती सजीव का नाही? कारण ती स्वतः वाढत नाही आणि आपल्यासारखी दुसरी गाडी जन्माला घालत नाही. सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, तसे तिचे नाही. एखादे लक्षण निर्जीवातही दिसू शकते, म्हणून सगळी लक्षणे मिळून विचार करायचा असतो. याउलट घरट्यातील अंडे पाहा. ते हलत नाही, खात नाही. दगडासारखे पडून असते. पण आत जीव असेल, तर त्याच्या कवचाच्या बारीक छिद्रांतून हवेची ये-जा चालू असते आणि उबेने आत पिल्लू वाढत असते. म्हणून घाईने पाहणारा फसतो आणि धीराने पाहणाऱ्याला उत्तर सापडते.

किहीमनंतर सलीम अलींनी एक नवीन मार्ग काढला. त्या काळी देशात अनेक संस्थाने होती. तेथील पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळाला तर आपण पगार न घेता पाहणी करू, अशी तयारी त्यांनी दाखवली. पहिली मोठी पाहणी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानात झाली. आपला जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. पुढे त्रावणकोर, कोचीन, कच्छ अशा अनेक भागांत ते हिंडले. तहमिना या तंबूतल्या संसारात त्यांच्याबरोबर असत. त्या सुखवस्तू घरात वाढल्या होत्या, तरी जंगलातल्या गैरसोयींची त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पतीचे लिखाण नीटनेटके व्हावे म्हणून त्या मदत करत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींना हा घाव फार मोठा होता. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण आणि मेव्हणे यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला आणि ते पुन्हा कामाला लागले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. साधा माणूसही ते हातात घेऊन पक्षी ओळखू लागला. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि शेजारच्या देशांतील पक्ष्यांविषयी दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण देऊन गौरवले. त्यांना वन्यजीव रक्षणाचा पॉल गेटी पुरस्कारही मिळाला. त्याची मोठी रक्कम त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही. तिच्यातून निसर्गरक्षणाचा निधी उभा राहिला. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली.

छऱ्याची बंदूक घेऊन फिरणारा मुलगा आता पक्ष्यांचा रक्षक झाला होता. शास्त्रीय नमुन्यांसाठी त्यांनी पुढेही पक्षी टिपले, पण हौसेखातर केलेली कत्तल त्यांना मुळीच मान्य नव्हती. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ हे राजेरजवाड्यांचे शिकारीचे ठिकाण होते. १९३८ साली तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले होते. हे ठिकाण पक्ष्यांसाठी राखून ठेवले जावे, म्हणून सलीम अलींनी मोलाचे प्रयत्न केले. आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते.

याच भरतपूरने एक कडू धडाही दिला. गुरे चरल्याने पक्ष्यांना त्रास होतो, असे समजून १९८२ साली तेथे गुरे चारण्यावर बंदी आली. सलीम अलीही बंदीच्या बाजूचे होते. गावकरी चिडले, संघर्ष झाला आणि त्यात माणसांचे प्राणही गेले. पुढे सोसायटीच्याच अभ्यासकांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले, तेव्हा वेगळेच दिसले. म्हशी पाण्यातील गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. म्हशी थांबल्या, गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा कमी झाली. थोर माणसाचाही अंदाज चुकू शकतो. पण ती चूक कळली कशी? सलीम अलींनी जन्मभर शिकवलेल्या मार्गानेच, म्हणजे धीराने पाहून आणि खरे तेच लिहून. शिवाय एक सजीव दुसऱ्याशी किती धाग्यांनी बांधलेला आहे, हेही त्यातून कळले. म्हैस, गवत, पाणी, पक्षी आणि माणूस यांतील एक धागा ओढला की सगळे घरटे हलते.

२० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, सलीम अलींचे मुंबईत निधन झाले. आपल्या जिल्ह्याच्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाजाजवळ एक जुना तलाव आहे. त्याला आज सलीम अली सरोवर म्हणतात. गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्यालाही त्यांचेच नाव आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस.

विद्यार्थी मित्रांनो, गणितात कच्चा, परीक्षेत मागे आणि नोकरीला मुकलेला हा माणूस जगभर ओळखला गेला. त्यांच्याजवळ जी साधने होती, ती तुमच्याजवळही आहेत. पुढच्या पावसाळ्यात विहिरीवर घरटी दिसली, तर दगड मारू नका. घरटे तोडूही नका, कारण आत अंडी असू शकतात. थोडे दूर, सावलीत बसा. वही उघडा, तारीख आणि वेळ लिहा. मग पाहा. सजीवांची लक्षणे तुमच्या डोळ्यांसमोर विणली जात असतील.

स्वाध्याय

१. पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे सलीमच्या आयुष्याला कोणते वळण मिळाले?

२. खणातील चिमणी आणि झाडावरील चिमणी यांत कोणते फरक आहेत? चार वाक्यांत लिहा.

३. कारण सांगा : (अ) सुगरणीची काही घरटी अर्धवट राहतात. (आ) रेल्वेगाडी हालचाल करते, तरी ती सजीव नाही.

४. भरतपूरच्या अनुभवावरून कोणता धडा मिळाला, ते आपल्या शब्दांत सांगा.

५. उपक्रम : आपल्या अंगणातील किंवा शेतातील एक पक्षी सात दिवस, रोज पंधरा मिनिटे पाहा. त्याच्यात सजीवांची कोणती लक्षणे दिसली, ते तारीखवार वहीत लिहा.